उजव्या विंगेतला आवाज

आधीच सांगून ठेवतो. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

घालायची गरजच नाही. माझ्या सख्ख्या मावशीचा अख्खा जन्म यात गेलाय. वाचून झाल्यावर कुणी "छान जमलीय हं" म्हणालं, तर मला राग येईल.

साल १९५३. थंडीचे दिवस. जागा उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन.

लोक तेव्हा नुसतं 'कॅम्प' म्हणायचे. महायुद्ध संपलं, लष्कर निघून गेलं आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. मधे गोणपाटाचे पडदे लावायचे, की झाली खोली. अशाच एका टोकाच्या बराकीत एक लहानसं आर्ट्स कॉलेज निघालं होतं. ते पुढे थोड्याच वर्षांत बंद पडलं, म्हणून नाव सांगत नाही. निम्मी मुलं सिंधी, निम्मी आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडची. वर्गांच्या मधेही गोणपाटच. इकडे इतिहास चालू असला की पलीकडचं लॉजिक फुकटात ऐकू यायचं.

कुमुदमावशी तिथे इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. माझे आजोबा अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर. मुलीला कॉलेजात घातलं म्हणून नातेवाइकांत बोलणी खाणारा माणूस.

त्या वर्षी गॅदरिंगला नाटक ठरलं. आणि नायिकेचं काम खरोखरच्या मुलीनं करायचं, हेही ठरलं. तोवर मुलगेच लुगडं नेसून उभे राहायचे.

मावशीनं काम घेतलं. का घेतलं, तर नायक बाळ होता म्हणून!

बाळ बदलापूरचा. हसरा, मोकळा. दोघांचं एकमेकांवर मन बसलं होतं. गॅदरिंग पार पडलं की बाळ आजोबांकडे येऊन रीतसर मागणी घालणार होता. मावशीला या जगात तेवढंच हवं होतं. आजोबांनी विचारावं, आणि आपण "हो" म्हणावं.

अडचण एकच. मावशीचं पाठांतर अगदी कच्चं. स्टेजवर उभी राहिली की डोकं कोरं.

म्हणून दिनानाथ.

दिनानाथ वांगणीचा. किडकिडीत, अबोल. तो प्रॉम्प्टर होता. तिच्या उजव्या हाताच्या विंगेत एका खोक्यावर बसायचा आणि दबक्या आवाजात वाक्य सांगायचा. तिनं ते उचलायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. हौशी नाटकं तेव्हा अशीच चालायची.

"तुम्ही पाठ करूच नका," त्यानं तिला सांगितलं होतं. "नुसता कान माझ्याकडे ठेवा. मी सांगेन ते म्हणा. विचार करायला थांबलात की अडकाल."

आणि खरंच, ती अडकेनाशी झाली. त्याचा आवाज कानात आणि तिच्या तोंडातून वाक्य बाहेर. मधे ती स्वतः नव्हतीच.

डिसेंबरात दिनानाथ तापानं आजारी पडला. विषमज्वर.

आठवड्याभरात गेला.

मावशी आणि बाळ वांगणीला भेटायला गेले. घरात दिनानाथची आई, काशीबाई. माणूस गेला त्या जागी जमिनीवर पीठ पसरून दिवा लावलेला. आपल्यात दिवस होईपर्यंत ठेवतात तसा.

काशीबाई मावशीकडे बघत राहिल्या.

"तूच का गं ती कुमुद? तापात तुझंच बोलणं बोलायचा. नाटकातलं. एक वाक्य म्हणायचा, मग थांबायचा..."

"थांबायचा म्हणजे?"

"कुणी तरी मागून म्हणावं, असा. वाट बघायचा. मग पुढचं वाक्य."

मावशीला रडू आवरेना. ती दिव्यासमोर बसली, हात जोडले आणि मनापासून बोलून गेली, "दिनानाथ, तुमच्याशिवाय मला एक शब्दसुद्धा बोलता यायचा नाही हो."

काशीबाईंनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"दिव्यापाशी असं बोलू नये, पोरी. दिवस व्हायचेत अजून. तो घरातच आहे."

दिव्याची ज्योत हलली नाही. पिठावर काही उमटलं नाही.

काहीच झालं नाही...

तालमी पुन्हा सुरू झाल्या. प्रॉम्प्टिंगला हरिचंद्र नावाचा मुलगा घेतला. पण उजव्या विंगेत, दिनानाथच्या खोक्यावर बसायला तो काही तयार होईना. डावीकडे बसला.

दुपारची वेळ. क्लास सुटलेले. बराकीत सगळीकडे ऊन पडलेलं.

दुसऱ्या अंकात मावशी अडकली. हरिचंद्रचा आवाज येईना. ती घाबरली. आणि मग...

वाक्य आलं.

हळू, स्पष्ट. नेहमीसारखं.

तिनं ते म्हटलं. पुढचं आलं. तेही म्हटलं. प्रवेश सुरळीत पार पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बरं झालं, वेळेवर सांगितलंस," ती हरिचंद्रला म्हणाली.

"मी? मी कुठे सांगितलं? माझी पानं खाली पडली होती. तीच गोळा करत होतो. तुझंच तर धडाधड चाललं होतं!"

मावशीनं मान वळवली.

आवाज डावीकडून आलाच नव्हता.

उजव्या विंगेत खोकं होतं. रिकामं.

त्याच क्षणी तिनं काम सोडायला हवं होतं, असं आपण म्हणू. पण खरं सांगू? तिला हायसं वाटलं. गॅदरिंग तोंडावर आलं होतं आणि पाठ काहीच नव्हतं. आपल्याला भास होतोय, दिनानाथनं घोकून घेतलेलंच आठवतंय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. कुणाला काही सांगितलं नाही.

रोज दुपारी ती त्या आवाजावर बोलत राहिली.

गॅदरिंगच्या संध्याकाळी बराक खच्चून भरली. पेट्रोमॅक्सचे दिवे. पुढच्या रांगेत प्रिन्सिपॉल थदानी, मागे सिंधी बायका पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या. आजोबा आले होते. माझी आई उमा, तेव्हा शाळकरी, त्यांच्याशेजारी.

पहिला अंक सुरेख झाला. दुसरा त्याहून.

तिसऱ्या अंकाचा शेवट. नायक घर सोडून निघतो. नायिका त्याला अडवते, "थांबा, मी तुमच्याबरोबर येते." एवढंच वाक्य. हे मात्र मावशीला पाठ होतं. स्वप्नातसुद्धा म्हणता आलं असतं.

बाळ दाराकडे वळला.

डावीकडून हरिचंद्र कुजबुजला, "थांबा, मी तुमच्याबरोबर येते..."

आणि उजवीकडून...

"जा."

मावशीच्या तोंडून निघालं, "जा."

बाळ गोंधळला. तिच्याकडे बघू लागला.

"मला तुम्ही नको आहात."

तिनं तेही म्हटलं. ठणठणीत. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

बाळनं वेळ मारून नेली. मान खाली घालून तो बाहेर गेला. पडदा पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. थदानी सर आत येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वाह बेटी! क्या एंड बदल दिया! रुला दिया सबको!"

बाळ समोर आला.

"कुमुद, हे काय होतं गं? चुकलीस होय?"

तिला सांगायचं होतं, मी नाही बोलले रे ते. तिनं तोंड उघडलं. पण त्याआधी ते छोटंसं थांबणं... आणि कानाशी आवाज.

स्टेज संपलं होतं. विंग मागे राहिली होती. आवाज मात्र तिच्या उजव्या कानाशी होता.

"चुकले नाही. खरं तेच बोलले," मावशी म्हणाली.

तरीही बाळनं ते मनावर घेतलं नाही. नाटकाच्या गडबडीत माणूस काहीही बोलतो. ठरल्याप्रमाणे तो आईवडिलांना घेऊन अंबरनाथला आला. बैठकीत चहा झाला. आजोबांनी मावशीला बाहेर बोलावलं. त्या काळात मुलीला कोण विचारतं! पण त्यांनी विचारलं.

"कुमुद, तुझी इच्छा काय?"

मावशीनं दोन्ही हात घट्ट आवळले होते. नखं तळव्यात रुतली होती. ती मनात एकच शब्द म्हणत होती. हो. हो. हो.

"मला हे स्थळ नको."

आई सांगते, ते बोलताना मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आवाज मात्र साधा. भाजी नको म्हणावं तसा.

बाळ उठून गेला.

पुढची वर्षं तशीच गेली. आलेलं प्रत्येक स्थळ तिनं नाकारलं. लोक म्हणाले, शिकली म्हणून शेफारली. आजीनं पोटाशी धरून विचारलं, "काय होतंय तुला?" तर उत्तर आलं, "काही नाही. बरी आहे मी." तिला ओरडून सांगायचं असायचं. पण तोंड उघडलं की त्याचं वाक्य आधी यायचं. मग तिनं बोलणंच टाकलं.

सत्तावन्न साली तिला क्षय झाला. तेव्हा त्यावर सुया टोचायच्या. सुयांनी जीव वाचला, पण कान गेले. दोन्ही. पूर्ण.

घरात रडारड झाली. आणि मावशी...

मावशी हसत होती!

"उमा," ती माझ्या आईला म्हणाली, "गेला गं तो. काही ऐकू येत नाही मला."

इतक्या वर्षांनी ती स्वतःचं बोलत होती. रात्रभर बोलली. दिव्यापासून सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "बाळला बोलाव. मला त्याला हो म्हणायचंय."

आई दुसऱ्याच दिवशी बदलापूरला गेली. बाळ तिथल्या शाळेत मास्तर होता. लग्न केलं नव्हतं. आईनं सगळं सांगितलं. त्याला किती पटलं कोण जाणे, पण तो सकाळची शाळा सुटल्या सुटल्या निघाला. वाटेत आईला म्हणाला, "भूत असो की भास. ती हो म्हणणार असेल तर मला बाकी काही नको."

भर दुपारी तो मावशीच्या खाटेसमोर खुर्चीवर बसला. मावशीनं त्याचा हात धरला.

"बाळ, हो," ती म्हणाली. "तेव्हाही हो होतं."

बाळचा चेहरा उजळला. तिला ऐकू येत नाही हे विसरून तो बोलायला पुढे झुकला.

आणि थांबला...

त्याची मान किंचित उजवीकडे वळली.

उजवीकडे भिंत होती. नुसती भिंत.

मावशीनं त्याचा हात सोडला. आधी तिनं सोडला.

बाळ उभा राहिला. "मी पुन्हा येणार नाही," तो म्हणाला. साध्या आवाजात. त्याचे डोळे भरून आले होते. तो तसाच बाहेर पडला. पुढे नोकरी सोडून कुठे गेला, बदलापुरातही कुणाला कळलं नाही.

आई मावशीजवळ गेली. तो काय म्हणाला ते सांगावं की नाही, तिला कळेना.

"नको सांगूस," मावशी म्हणाली. "तो ऐकत होता. मी बघितलं."

त्यानंतर मावशीनं कुणाकडे काही मागितलं नाही. वर्षभरानं दुखणं उलटलं. औषधाला तिनं हात लावला नाही. त्यातच गेली.

ही सगळी हकिकत मला आईनं सांगितली. सांगून झाल्यावर मी तिला एकच विचारलं, "त्या दुपारी खोलीत तू होतीस ना? तुला काही ऐकू आलं?"

आई जरा थांबली.

मग म्हणाली, "नाही."

ती का थांबली, हे विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही.