धरलेली जागा

"तिथं बसू नका."

मी अजून टेकलेही नव्हते. एक हात खुर्चीच्या दांडीवर, गुडघे दुमडलेले, मी नेमकी अर्ध्यावर होते. या वयात अर्ध्यावर थांबणं म्हणजे काय, ते ज्याचे गुडघे गेलेत त्यालाच विचारावं.

"का? तुमच्या वडिलांनी लिहून ठेवलीय तुमच्या नावावर?"

शेजारच्या खुर्चीतला माणूस हसला नाही. उंच, वाळका, डोक्यावर पांढऱ्या केसांचं झुडूप आणि पायात मोजे. पोहण्याच्या तलावाकाठी मोजे. त्यानं नुसतं बोट दाखवलं. मी बसणार होते त्या खुर्चीवर पिवळा टॉवेल अंथरलेला होता. ओलाचिंब. त्याच्या टोकातून पाणी फरशीवर ठिबकत होतं... टप... टप... अगदी सावकाश, घाई नसल्यासारखं.

"कुणीतरी बसतं तिथं," तो म्हणाला.

"दिसत तर नाही कुणी."

"हो," तो म्हणाला. "दिसत नाही."

माणूस वेडा म्हणावा, तर डोळे शहाण्याचे होते. मी फणकाऱ्यानं मागच्या रांगेत जाऊन बसले. मागच्या रांगेत इमारतीची सावली, आणि मला डॉक्टरांनी गुडघ्याला ऊन सांगितलेलं. मुलानं आणि सूनबाईनं एवढ्या हौसेनं या हॉटेलात आणलं ते त्यासाठीच. आणि ऊन होतं फक्त पुढच्या रांगेत, पाण्याला लागून.

या पुढच्या रांगेसाठी काय चालायचं म्हणून सांगू. उजाडायच्या सुमाराला तलावाच्या फाटकाशी सगळं हॉटेल गोळा. कुणी गाऊनवर, कुणी डोळे चोळत, प्रत्येकाच्या काखेत टॉवेल. शिट्टीवाला — तलावावर पहारा करणारा, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस — कुलूप काढायचा, आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं कोपरं मारत पळत सुटायची. खुर्चीवर टॉवेल टाकायचा, जागा धरायची, आणि पुन्हा वर जाऊन झोपायचं. दोघे टकले भाऊ यात पटाईत. एक लाल टोपीवाली तर एका खुर्चीवर टॉवेल, दुसरीवर चपला, तिसरीवर चष्मा ठेवून अख्खं कुटुंब बसवायची.

म्हटलं, आपण काय कमी आहोत. दुसऱ्या दिवशी मीही फाटकाशी हजर. टकल्या भावांपैकी मोठ्याला म्हटलं, "बाळा, तुझ्या बुटाची नाडी सुटलीय." तो वाकला, मी आत. तलावावर धुकं होतं. पाण्याचा काठ दिसत नव्हता, फरशी कुठं संपते ते कळत नव्हतं. माझ्यापुढं कुणी नव्हतं. कुलूप माझ्यासमोर निघालेलं.

तरी पिवळा टॉवेल तिथं होता. ठिबकत.

आणि तलावाच्या पायऱ्यांपासून त्या खुर्चीपर्यंत ओली पावलं उमटली होती. अनवाणी. बाईमाणसाची, लहानखुरी. येणारी होती. जाणारी नव्हती.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मागं वळले तर मोजेवाला उभा. तोही आत्ताच आत आला होता, कोरडा ठणठणीत.

"घाबरलात?" त्यानं हळूच विचारलं.

"मी? घाबरायला लागते मी तेव्हा समोरचा आधी पळतो."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. तोंडभर नाही, एका बाजूनं. पण मला उगाच वाटलं की शालीचं टोक नीट करावं...

टॉवेल टाकून गायब झालेल्यांचे टॉवेल शिट्टीवाला नाश्त्यानंतर उचलून टोपलीत टाकायचा. तसा नियमच होता हॉटेलचा. लाल टोपीवालीच्या चपलाही गेल्या टोपलीत. पिवळ्या टॉवेलाला मात्र त्यानं हात लावला नाही. मी त्याला गाठलंच.

"या पिवळ्याचे काय लाड?"

"मावशी, मागं एकदा उचलला होता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "त्या दिवशी पाण्यात उतरलेल्या एकालाही तळ लागला नाही."

"खोल बाजूला ना?"

"उथळ बाजूला. कमरेएवढं पाणी आहे तिथं. लोक काठ धरून ओरडत होते. टॉवेल परत ठेवला, तेव्हा पाय टेकले."

एवढं ऐकून दुसरी कुणी खोलीत जाऊन कडी लावून बसली असती. मी दुसऱ्या रांगेत, बरोबर मोजेवाल्याच्या मागं, उन्हाच्या कडेपर्यंत खुर्ची ओढली. त्याच्या पाठीशी बोलायला लागले. पाठ ऐकते हो, तोंडापेक्षा बरी ऐकते. कळलं की जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या. मी त्याला लिफ्टवाले म्हणायला लागले.

"लिफ्टवाले, एवढं वर-खाली करून शेवटी बसलात कुठं, तर तळमजल्यावर."

"तुम्ही जिभेला धार कुठं लावता, बाई?"

"घरच्या घरी. सून आहे ना."

त्याची पाठ हलली. हसत होता मेला, आवाज न करता. आणि मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळे आपापल्या खुर्चीची पाठ उभी करून बसायचे. हा मात्र ती सपाट पाडून दिवसभर पालथा. आधी वाटलं आळशी आहे. मग कळलं... त्यानं पाठ उभी केली की सावली माझ्या गुडघ्यांवर येत होती.

त्या दिवसापासून माझं काही खरं राहिलं नाही.

"आई, आज केस वेगळे बांधलेत?" सूनबाईनं विचारलं.

"वारा आहे."

"खोलीत?"

"तुझं लक्ष पोरांच्या अभ्यासाकडे असतं तर एव्हाना कलेक्टर झाले असते."

ती तोंड दाबून हसत निघून गेली. हसेना का. मला लग्न करून आणलं, संसार दिला, नवरा गेला, तर संसारही मीच ओढला. पण माझ्या गुडघ्यांवर ऊन पडावं म्हणून कुणी स्वतः उन्हात भाजून घेतलं नव्हतं. मला त्या माणसाच्या शेजारी बसायचं होतं. मागं नाही, शेजारी. आणि शेजारची खुर्ची ठिबकत होती.

सुट्टी संपत आली. लिफ्टवाले चहा आणायला गेले होते — आता दोन कप आणायचे, न विचारता. मी एकटी. टप... टप... चालूच. मला एक खोड आहे, ओलं कापड तसंच पडलेलं मला बघवत नाही. कुजतं. कळायच्या आत मी उठले, टॉवेल उचलला आणि पिळला.

पाणी आलं. आणखी पिळला, आणखी आलं. हाताएवढ्या कापडातून बादलीभर, मग त्याहून जास्त, फरशीवरून वाहत तलावात जाऊ लागलं. बर्फासारखं गार. पिळता पिळता मला वाटलं, टॉवेलाचं दुसरं टोक कुणीतरी धरलंय. मोठी चादर पिळताना समोरची बाई धरते ना, उलट्या बाजूनं पीळ देत, तसं. सोडला असता तर बरं झालं असतं. पण मी कामाच्या मध्ये सोडून देणारी नाही. शेवटी पाणी थांबलं. मी टॉवेल कठड्यावर वाळत घातला, उन्हात बघता बघता वाळला, तशी घडी करून खुर्चीवर ठेवला.

लिफ्टवाले कप घेऊन आले आणि जागच्या जागी उभे राहिले. चहा हिंदकळून त्यांच्या मोज्यांवर सांडला.

"कोरडा आहे," ते म्हणाले. "काय केलंत तुम्ही?"

"वाळवला. सडला असता."

"ओला असतो म्हणून तर मला कळतं की ती येते." आवाज चढला नव्हता, पण तो मला कानाखाली बसल्यासारखा लागला.

मग आपल्या खुर्चीच्या काठावर टेकून, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. बायको. इथंच यायचे दोघं. त्यांना पाण्याजवळ बसायला आवडायचं, म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठून जागा धरायची. मोठी हौस तिला, सगळ्यांना हरवायची. एका सकाळी टॉवेल टाकला आणि वळताना फरशीवरून पाय घसरला.

"मी खाली आलो तेव्हा टॉवेल कोरडा होता. ओली ती होती." त्यांनी कप खाली ठेवले. "तो टॉवेल मी माझ्या हातानं तिच्याबरोबर दिला, बाई. पांघरून. तिच्याबरोबर गेला तो. आणि पुढच्या वर्षी आलो तर... हा इथं."

माझे हात अजून गार होते. मी ते काखेत धरले. "तेव्हापासून शेजारी बसून तिची जागा राखताय?"

"मग? दुसरं कुणी बसलं तर ती कुठं बसेल?"

माझा जन्म जागा धरण्यात गेलाय. खिडकीतून रुमाल टाकून गाडीत जागा धरल्यात, दवाखान्याच्या रांगेत धरल्यात, पोरांसाठी, सासूसाठी, नवऱ्यासाठी. त्या कोरड्या घडीकडे बघताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"लिफ्टवाले, स्वतःसाठी जागा कोण धरतं हो? स्वतःसाठी असती तर ती बसून मोकळी झाली नसती? बाई तुमच्यासाठी धरून उभी आहे. आणि तुम्ही शेजारी बसून तिच्यासाठी राखताय. दोघं एकमेकांसाठी अडून बसलात, तर बसायचं कुणी?"

ते टॉवेलाच्या घडीकडे बघत राहिले.

"किती दमली असेल," मी म्हटलं. "ओल्या अंगानं."

"मी तिथं बसलो तर ती जाईल."

"जाईल."

"आणि मग?"

"मग काय ते मला कशाला विचारता. मी दुसऱ्या रांगेतली." आणि मी उठून आले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला निघायचं होतं. मी ठरवलं, खाली जायचं नाही. आयुष्यात कुणाकडे जागा मागितली नाही, आता या वयात मागू? बॅगेत कपडे कोंबत होते. बाहेर फार शांत वाटलं. रोजची पळापळ, कोपराकोपरी, काहीच ऐकू येईना. गॅलरीतून वाकून पाहिलं.

सगळे फाटकाबाहेर उभे होते, काखेत टॉवेल धरून. आत जायला कुणी तयार नव्हतं. तलावात माणूस नव्हता, वारा नव्हता, आणि पाणी डचमळत होतं. काठापर्यंत यायचं, मागं जायचं. पिवळ्या टॉवेलाच्या खुर्चीपुढं एकच माणूस उभा होता.

सूनबाई म्हणाली, "आई, गुडघे सांभाळून." तोवर मी अर्धा जिना उतरले होते.

शिट्टीवाल्यानं मला अडवलं नाही. टॉवेल पुन्हा ओला होता, पार निथळत. लिफ्टवाल्यांनी मोजे काढले होते. मोज्यांत राहून राहून त्यांची पावलं लहान मुलाच्या पावलांसारखी गोरी झाली होती.

"आलात," ते म्हणाले. "गार असेल ना?"

"असेल. बसा."

"तुम्ही... जाऊ नका."

"उभी आहे मी."

ते बसले. सावकाश, एखाद्याच्या घरी पहिल्यांदा बसावं तसे. अंग चोरत, मग पाठ टेकत. आणि एक लांब सुस्कारा ऐकू आला. हातातली जड पिशवी खाली ठेवताना बाईमाणसाच्या तोंडून निघतो तसा. तो त्यांचा नव्हता. माझाही नव्हता.

पाणी थांबलं. आरशासारखं.

मग खुर्चीपाशी एक ओलं पाऊल उमटलं. त्याच्यापुढं दुसरं. पाण्याकडे नाही, माझ्याकडे. एकेक करत ती माझ्यासमोर येऊन थांबली, दोन्ही शेजारी शेजारी, बोटं माझ्याकडे. माझ्या तोंडावर गार हवा आली. तिला काय हवंय ते मला कळलं. असं कुणाच्या हाती आपलं माणूस सोपवताना मीही असंच रोखून पाहिलं असतं.

"बघते मी त्यांच्याकडे," मी म्हटलं. आवाज थोडा कापला, खोटं कशाला सांगू. "तळलेलं देणार नाही, आणि ओल्या पायांनी फिरू देणार नाही. तू जा आता. पुरे झालं."

पावलं जराशी थांबली. मग माझ्या बाजूनं वळून फाटकाकडे निघाली. टकले भाऊ दोन बाजूंना सरकले, लाल टोपीवालीनं टोपी काढली. बाहेरच्या वाटेवर ऊन आलं होतं. तिथं पोचता पोचता पावलं फिकी होत गेली, आणि मग नुसती वाट राहिली.

लिफ्टवाल्यांनी डोळे पुसले, हाताच्या मागच्या बाजूनं. त्यांच्या खालचा टॉवेल कोरडा होता. शेजारची त्यांची जुनी खुर्ची रिकामी.

"इकडची जागा मोकळी झाली," ते म्हणाले.

"मोकळी झाली म्हणून कळवताय, की या म्हणताय?"

त्यांचे कान लाल झाले होते. या वयात माणसाचे कान लाल होतात, मला माहीत नव्हतं.

"या," ते म्हणाले. "आजच्यापुरतं नाही... या."

मागून सूनबाईची हाक आली, गाडी आलीय म्हणून.

"गाडीला परत पाठव," मी म्हटलं, आणि शालीचं टोक सावरून बसले.