नामदिनाला बोलावत नाहीत

सकाळी सात वाजता नेवेना स्वयंपाकघराची खिडकी उघडायची, तांब्याच्या लहान भांड्यातली कॉफी उतू जाणार एवढ्यात खाली घ्यायची, अर्धा कप आईच्या उशाशी ठेवायची आणि उरलेली उभ्याउभ्याच पिऊन टेकडी उतरू लागायची. बल्गेरियातल्या प्लॉवदिवच्या जुन्या वस्तीतले दगडी रस्ते थंडीत निसरडे होतात. म्हणून एक हात भिंतीला लावत ती कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत सावकाश जाई. तिथे चीज भरलेली गरम बानित्सा कागदात गुंडाळून घ्यायची आणि ती खातखात परदेशी लोकांच्या भाषावर्गाला शिकवायला पोचायचे. जानेवारीतल्या त्या सकाळीही यात काही बदल नव्हता. बदल होता तो रांगेत.

रांग म्हणजे खिडकीपाशी एकमेकांना चिकटलेली पाच-सात माणसे. त्यांच्यामागे, चांगले दोन हात अंतर सोडून, पिंगट दाढीचा एक उंच माणूस उभा होता. येणारा प्रत्येक जण त्या मोकळ्या जागेत शिरत होता आणि तो मुकाट्याने आणखी मागे सरत होता. बारीक पाऊस त्याच्या केसांवर साचत होता.

नेवेनाला राहवले नाही. "तुम्ही रांगेत आहात, की भिंतीला टेकू देताय?"

"रांगेत आहे," तो शब्द शोधत म्हणाला. "बराच वेळ झाला."

"मग इतके लांब का?"

"पुढच्या माणसाला... त्रास नको म्हणून."

"त्रास कसला? मागून कुणाचा श्वास लागला नाही, तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं होईल. या पुढे. अजून. अजून थोडं."

तो सरकला. आता त्याची बाही तिच्या बाहीला लागत होती. त्याच्या ओल्या लोकरी कोटाला लाकडाच्या ताज्या भुशाचा वास होता.

"एवढं पुरे?"

"रांगेपुरतं पुरे," ती म्हणाली, आणि आपण हे असे का बोललो, तिचे तिलाच कळेना.

त्याचे नाव तार्मो. एस्टोनियातला लाकूड-कारागीर, एका जुन्या घराचे कोरीव छत दुरुस्त करायला आलेला. नेवेना दर गुरुवारी संध्याकाळी परदेश्यांना इथली रीतभात शिकवते, हे कळल्यावर पुढच्याच गुरुवारी तो वर्गात हजर झाला. आधी शेवटच्या बाकावर बसला. महिन्याभरात पहिल्या बाकावर आला.

फुले द्यायची तर विषम संख्येत, सम फुले फक्त मेलेल्यांना... यजमानाने भरलेला पेला रिकामा करायचा नाही, नाहीतर तो पुन्हा भरतो... पेल्याला पेला लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे. ती सांगत जाई आणि तार्मो मन लावून ऐकत राही.

"बाई, डोळ्यांत किती वेळ बघायचं?" एकदा त्याने विचारले.

"पेला ओठाला लागेपर्यंत."

"आणि लागल्यावर?"

"ते अभ्यासक्रमात नाही."

वर्ग हसला. नेवेना फळा पुसायला वळली. फळा कोराच होता.

मार्चमध्ये तो तिला घरापर्यंत सोडू लागला. घरापर्यंत म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथे थांबायचा, मान लववायचा आणि परत फिरायचा. नेवेनाची आई स्तोयान्का खिडकीतून सगळे बघत असे.

"काय ग, तुझ्या त्या माणसाला आपल्या दाराची भीती वाटते का? मी काय चावते?"

"माझा कुठला आलाय माणूस, आई."

"बरं. मग कुणाचा का असेना, केस कापून घे म्हणावं त्याला."

छत ईस्टरच्या आधी पुरे होणार होते. तार्मोचे ईस्टरआधीच्या बुधवारचे परतीचे तिकीट काढून झाले होते. मेतोदीकाका, ज्यांच्या हाताखाली तो काम करी, त्याला दुसऱ्या एका घराच्या कामासाठी थांब म्हणत होते. त्यांना तो "बघू" एवढेच म्हणाला होता. हे 'बघू' कशावर अडले आहे, ते विचारायचे धाडस नेवेनाला होत नव्हते. तिने मनाशी एक ठरवून टाकले. ईस्टरच्या आदल्या रविवारी, फुलांची नावे असलेल्या सगळ्यांचा नामदिन, म्हणजे नावाचा सण, असतो, आणि नेवेना हे तर झेंडूच्या जातीच्या फुलाचेच नाव. त्या दिवशी तो घरी येईल. आला, तर बोलायचे ते आपोआप बोलले जाईल. नाही आला, तर... तेही बोलल्यासारखेच.

रविवारी दुपारपासून दार सताड उघडे होते. शेजारपाजारचे आले, शाळेतल्या मैत्रिणी आल्या, गेल्या वर्षी नळ दुरुस्त करून गेलेला गृहस्थसुद्धा चॉकलेटचा डबा घेऊन आला. आईने भाजलेल्या माशाचा वास जिन्यात भरून राहिला. लाकडी पायऱ्या वाजल्या की नेवेनाची नजर दाराकडे जाई. प्रत्येक वेळी दुसरेच कोणी असे.

तिन्हीसांजेला ती खिडकीशी गेली. खाली समोरच्या भिंतीपाशी तार्मो उभा होता. हातात ट्यूलिपची फुले, मान वर. वाट पाहताना दिसू नये म्हणून ती चटकन मागे सरली. पुन्हा डोकावली तेव्हा गल्ली रिकामी होती.

सोमवारी ती तडक त्याच्या कामावर गेली. तो शिडीवर चढून छताच्या शेवटच्या पाकळीला तेल लावत होता.

"काल गल्लीत काय करत होतात?"

"उभा होतो."

"ते दिसलं. पुढे पायऱ्या होत्या, त्या नाही दिसल्या?"

"तुमच्याकडे पाहुणे होते. मला बोलावणं नव्हतं."

"बोलावणं?" ती बघतच राहिली. "नामदिनाला बोलावतं का कुणी?"

"मग लोक कसे येतात?"

"येतात."

तो विचारात पडला. "आमच्याकडे न बोलावता गेलं, तर दार उघडतात, कॉफीही देतात. आणि मग महिनाभर त्याच्याविषयी बोलतात."

"आमच्याकडे आलं नाही, तर वर्षभर बोलतात."

ती फळकुटांच्या ढिगावर बसली. सबंध हिवाळा तिने या परदेश्यांना पेले, फुले, नमस्कार शिकवले. पण ही गोष्ट शिकवायची असते, हे तिच्या कधी मनातही आले नव्हते. तिच्या घरात नामदिनाला आजवर कुणालाही बोलावलेले नव्हते. बोलावणे म्हणजे हात पसरणे.

"फुलांचं काय केलंत?"

"घरमालकिणीला दिली. विषमच होती."

"काय म्हणाली?"

"मूर्ख आहेस, म्हणाली. आणि जेवायला वाढलं."

नेवेनाला हसू आले. पण ते टिकले नाही. "मेतोदीकाकांना नुसतं 'बघू' म्हणालात. काय बघताय?"

त्याने कुंचला डब्यावर निथळवला. बराच वेळ निथळवत राहिला.

"कुणी थांब म्हणतंय का... ते."

म्हणजे हा अजून त्या भिंतीपाशीच उभा होता. आणि ती खिडकीआड. दोघांचेही वागणे आपापल्या जागी चोख होते, आणि ते तसेच चालू राहिले, तर बुधवार अगदी सभ्यपणे येऊन त्याला घेऊन जाणार होता.

ती उठली. आयुष्यात तिने कुणाकडे असे काही मागितले नव्हते.

"तार्मो, जाऊ नकोस. मी सांगतेय. मला तू इथे हवा आहेस."

तो शिडीवरून उतरला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, जसे त्याचे सगळेच हळूहळू होत असे. तेलाचे बोट कोटाला पुसून त्याने तिचा हात हातात घेतला.

"आणखी एकदा म्हण."

"ऐकू नाही आलं?"

"आलं. म्हणूनच."

तिने पुन्हा म्हटले, या वेळी त्याच्या खांद्याशी, अगदी हलक्या आवाजात.

मग त्याने हात धुतले, कोट चढवला आणि दोघे स्टेशनवर गेली. खिडकीतल्या बाईने कारण विचारले नाही; तिकीट परत घेतले. वाटेत दोघे मेतोदीकाकांच्या कारखान्यात डोकावली, तर काका रंधा न थांबवता म्हणाले, "ईस्टर झाला की ये. आणि उशीर करू नकोस."

टेकडी चढेपर्यंत दिवे लागले होते. नेवेनाच्या घराचे दार नेहमीसारखे अर्धे उघडे होते. वर आई रेडिओवरच्या बातम्यांशी भांडत होती. उंबऱ्यापाशी तार्मोची पावले थबकली. तो कशासाठी थांबला आहे, हे तिला नीट ठाऊक होते. बोलावण्याच्या एका शब्दाचे काम होते. तिने तो शब्द ओठांशीच ठेवला आणि मागे न बघता ती पायऱ्या चढू लागली.

मागे काहीच आवाज नव्हता. ती चढत राहिली. मग दार किंचित करकरले, आणि खाली अंधारात कुणीतरी वाकून, सावकाश, बुटाच्या नाड्या सोडू लागले.