फुकटच्या चष्म्यातली मालिका

दरमहा पैसे भरून वाहिन्या बघणारं अकोल्याच्या त्या सोसायटीत आता कोणी उरलं नव्हतं. दृश्यचष्मे फुकट मिळायला लागल्यावर पैसे भरतंय कोण? चढवा डोळ्यांवर नि बघा हवं ते! हर्षदा देशकरने जुनी जोडणी हसत हसत तोडली होती. घरात दोन चष्मे आले, एक तिचा, एक सासूबाईंचा. रोज आठ वाजता दोघी शेजारी बसून एकच मालिका बघायच्या. निदान हर्षदाचा तरी तसाच समज होता.

पण दोघींचं हल्ली पटत नव्हतं. सासूबाई, म्हणजे कुमुदिनीबाई, कपाटाची किल्ली कमरेला खोचून फिरायच्या. हर्षदा त्यांच्या हातचा चहासुद्धा नको म्हणायची. शेवटी तिने नवऱ्याचं डोकं खाऊन खाऊन सासूबाईंना थोरल्या दिरांकडे नागपूरला धाडायचं पक्कं केलं होतं. सोमवारी निघायचं, ते कायमचंच.

त्या शनिवारी गच्चीवर उडदाचे पापड लाटणं चाललं होतं. हात पोळपाटावर, तोंडं मालिकेवर.

"काय बाई ती सून! सासूच्या पाटल्या विकून माहेर भरलं मेलीने," कुमुदिनीबाई लाटणं आपटत म्हणाल्या.

"अहो आई, काहीतरीच काय! पाटल्या सासूनेच लपवल्या आणि वर सुनेवर आळ घेतला," हर्षदा फणकारली.

"तुम्ही दोघी झोपेत बघता की काय? पाटल्या नणंदेने नेल्या!" शेजारच्या बोंडेकाकू म्हणाल्या. बोंडेकाकू वर्षभर आपल्या नणंदेशी बोलत नव्हत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बायका पोट धरून हसल्या. हर्षदाचं लाटणं मात्र थांबलं. एकाच भागात चोर तीन कसे? ती तशीच पिठाच्या हातांनी खाली धावली आणि तिने सासूबाईंचा चष्मा डोळ्यांना लावून कालचा भाग सुरू केला. वाडा तोच, नटनट्या त्याच. पण सून चोरटी, गोडबोली, आणि चालायची थेट हर्षदासारखी. अगं आई गं!

तिने चष्म्याबरोबर आलेल्या अटी पहिल्यांदाच वाचल्या. चष्म्याच्या काडीत बुबुळवेधक होता. बघणाऱ्याची नजर मालिकेत कुठे खिळते, घरात कोणावर खिळते, ते तो टिपायचा आणि यंत्रबुद्धी त्याच अंगाने उद्याचा भाग रचायची, प्रत्येकाला वेगळा. माणूस चिडला की जास्त वेळ बघत बसतो, हे त्या यंत्रबुद्धीने केव्हाच हेरलं असणार. फुकटची किंमत ही अशी वसूल होत होती.

हर्षदा दोन्ही चष्मे घेऊन वर आली. बोंडेकाकू आणि बाकीच्या पापड वाळत घालायला पलीकडे गेल्या होत्या. तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. तिला फार लाज वाटत होती, रडूही येत होतं.

कुमुदिनीबाईंनी कमरेची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली.

"चुकलंच माझं. तुझ्यावर संशय घेतला." त्यांनी आपला चष्मा उचलून हातात घेतला. "पण हर्षदा, एक खरं सांग. मला नागपूरला धाडायचं मनात आलं, ते तुझ्या की या चष्म्याच्या?"