डाव्या टायरवरचा निळा रंग

दुकानासमोरच्या चौकात, मधल्या गोल बागेला वळसा घालता घालता एका पांढऱ्या गाडीचा टायर फाट्कन फुटला, आणि मी हातातल्या पान्यासकट बाहेर धावले. गाडीतून उतरलेला माणूस इतका गोंधळला होता की त्याने आधी मलाच ‘सॉरी’ म्हटलं. जाड काड्यांचा चष्मा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि हसू... जाऊ दे. हसू मी पाहिलंच नाही, असं तेव्हा स्वतःला बजावलं.

“मिस्त्री कुठे आहेत?”

“तुमच्यासमोर उभी आहे.”

बिचारा कानापर्यंत लाल झाला.

दुकान बाबांचं, पण कुणाला कोणते टायर घालायचे हा सल्ला चार वर्षं माझा. जुन्या टायरवरून हात फिरवला की गाडी कोण, कुठे, कशी चालवतो ते मला कळतं. मग कानामागचा खडू काढायचा आणि नव्या टायरवर लिहायचं: साधे, नाहीतर महाग. बाबांची अट एकच. “एक जरी गिऱ्हाईक तोंड पाडून परत आलं, तर खडू माझ्याकडे. तू नुसते नट आवळायचे.” चार वर्षांत एकही आलं नव्हतं. आहे मला गर्व! फुकटचा नाही, हात काळे करून मिळवलाय.

“सगळ्यात महागातले चार द्या,” तो ऐटीत म्हणाला.

मी हात फिरवला. “घर ते काम, काम ते घर. सरळ रस्ता. चाळीसच्या वर काटा जात नाही. बरोबर?”

“बरोबर... पण तुम्हाला कोणी सांगितलं?”

“टायरने. तुम्हाला साधेच पुरतील. तीन-चार वर्षं बघायला नको.”

“मला महाग परवडणार नाहीत, असं वाटतं का तुम्हाला?” नाक जरा वर गेलं स्वारीचं.

मागच्या सीटवर चष्म्यांच्या डब्यांचा ढीग होता. मी तिकडे बोट दाखवलं. “धडधाकट डोळ्यांच्या माणसाला तुम्ही जाड भिंगं विकता का?”

“छे! कधीच नाही.”

“मग?”

तो हसला. यावेळी मात्र मी पाहिलं. चांगलं डोळे भरून पाहिलं.

त्यानंतर वर्षभर तो येत राहिला. आठवड्यातून एकदा, “जरा हवा बघता?” म्हणत. हवा नेहमी ठीकच असायची. मी तरीही चारही चाकांची हवा तपासायचे, अगदी सावकाश, पण लक्ष टायरकडे कुठलं असायला... आणि तो उगाच काहीतरी विचारत राहायचा. तो गेला की दुकान रिकामं वाटायचं. पण आपण होऊन बोलायचं? मी? शक्यच नाही!

आणि एका दुपारी तो आला तो खाली मान घालून.

“पुढचे दोन्ही टायर गेले हो. पार गुळगुळीत.”

एका वर्षात? बाबा गल्ल्यावरून उठले, वाकून टायर पाहिले आणि खडूसाठी माझ्यापुढे हात पसरला. मी खडू दिला. डोळे भरून आले होते, पण रडते कसली!

“थांबा बाबा. मला एकदा बघू दे.”

जॅक लावला, डावं चाक उतरवलं, हात फिरवला. बाहेरची कड जास्त झिजलेली. सरळ रस्त्यावरच्या गाडीचा टायर असा झिजत नाही. ही गाडी गोल फिरली होती... रोज, आणि पुष्कळ. बाजूला निळ्या रंगाचा ओरखडाही होता. मी मान वर करून पाहिलं. आमच्या दुकानासमोरच्या फुटपाथची कड शटरच्या उरलेल्या निळ्या रंगाने मीच रंगवली होती. तशी कड अख्ख्या गावात दुसरी नाही.

“तुमच्या कामाचा रस्ता इकडून जातो?” मी विचारलं.

“नाही... म्हणजे... गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.”

“मग या बागेला चकरा कोण मारतं?”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत पुसला. “तुम्ही बाहेर दिसलात तर एकच चक्कर. नाही दिसलात तर... सहा-सात. कधी कधी कडेला थांबतोही.”

“मग आत का नाही यायचं?”

“हवा आठवड्यातून एकदाच बघता येते हो. रोज आलो असतो तर वेड्यात काढलं असतंत मला!”

बाबा खोकले. मग पुढे आले आणि खडू माझ्या कानामागे स्वतःच्या हाताने खोचला. “सल्ला चोख होता. गिऱ्हाईकच बिघडलंय,” असं म्हणून छाती काढून आत गेले, आणि लगेच काकाला फोन लावून पोरीचं कौतुक सुरू झालं. अख्ख्या चौकाला ऐकू जात होतं.

“मग आता?” त्याने हळूच विचारलं. “महाग घेऊ की साधे?”

“चकरा किती दिवस चालणार आहेत, त्यावर आहे.”

“तुम्ही थांबवेपर्यंत...” त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. त्या पान्यासकट.”

मी खडू काढला आणि नव्या टायरवर ठळक लिहिलं: साधे.

त्याचा चेहरा पडला. “म्हणजे... नाही?”

“म्हणजे साधेच पुरतील. माझा सल्ला बदलत नसतो.” मी हात झटकले. “उद्यापासून चकरा बंद. गाडी त्या निळ्या कडेला लावायची, न घासता! आणि सरळ आत यायचं. हवेबिवेचं कारण नको.”

“रोज?”

“रोज. आणि दुकान बंद दिसलं, तर वरच घर आहे माझं... खालून हाक मार. मी येते.”

मी खाली बसले आणि एकेक नट आवळत गेले. सल्ला माझा होता, काम माझं होतं, आणि पाना धरायला म्हणून शेजारी उकिडवा बसून इस्त्रीचा शर्ट काळा करून घेणारा तो माणूसही आता माझा होता.