बेचाळिसावा निरोप

न्यूझीलंडला आल्यावर मनुरेवातल्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, मी १९९६च्या मार्चमध्ये कामाला लागलो. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, आंघोळ घालायची, दाढी करायची, गोळ्या पोटात गेल्या की उशीखाली ते बघायचं. कामाचं नाव केअरगिव्हर. साताऱ्यात नऊ वर्षं माझा दवाखाना होता, पण इथे डॉक्टर म्हणून नोंदणी व्हायची तर परीक्षा द्यावी लागायची, आणि ती मी एकदा नापास झालो होतो. माझी बायको कांचन पुण्याची फार्मसिस्ट. ती ईस्ट टामाकीला एका कारखान्यात बिस्किटांची खोकी भरायची. घरी आलो की दोघंही पाय वर करून गप्प बसायचो.

रेस्ट होममध्ये सगळे मला राज म्हणत. डॉक्टर म्हणणारा एकच माणूस होता, सात नंबरच्या खोलीतले पास्टर एगर्स.

पास्टर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. इतके उंच, की पलंगावर तिरकं झोपावं लागे. नेल्सनच्या बाजूला जर्मन लोकांनी वसवलेल्या एका गावात त्यांचा जन्म. घरात जर्मन, शाळेत इंग्लिश. पहिल्या महायुद्धात या जर्मनपायी शाळेच्या वाटेवर दगड खाल्ले, आणि दुसऱ्या महायुद्धात लुथरन चर्चचा पाद्री म्हणून न्यूझीलंडच्या फौजेबरोबर इटलीला गेले. समोरच्या बाजूचे जखमी कैदी आणले की ते त्यांच्याशीही त्यांच्या भाषेत बोलायचे.

"आमच्यातल्या काहींना ते आवडायचं नाही," ते हसत सांगायचे. "पण मरताना माणसाला आईचीच भाषा लागते, डॉक्टर. मला दोन येत होत्या, एवढंच."

शेवटच्या घटकेला एक्केचाळीस जणांनी त्यांच्याजवळ घरच्यांसाठी निरोप दिले होते. युद्ध संपल्यावर दीड वर्ष ते रेल्वेने, बसने, कधी सायकलवर गावोगाव फिरले आणि एकेका दारात उभं राहून ते पोचवले.

"पत्रं का नाही पाठवलीत?" मी एकदा दाढीचा साबण लावता लावता विचारलं.

"पत्र टेबलावर पडून राहतं. माणूस दारात आला की त्याला आत घ्यावं लागतं."

जेवणानंतर दीड ते तीन ते खिडकीजवळच्या खुर्चीत झोपायचे. बाहेर फिजोआचं झाड होतं. एप्रिलच्या अखेरीला फळं पडायला लागली आणि तो आंबटगोड वास खोलीत यायला लागला. त्याच सुमाराला मला त्यांचं झोपेतलं पुटपुटणं ऐकू आलं. पहिले दोन दिवस मी ते जर्मन समजलो. तिसऱ्या दिवशी हातातला टॉवेल खाली ठेवला आणि वाकून कान दिला.

"आकाला मनावं, मिआ जेवलोय. वाट बगू नगा."

जागे झाल्यावर मी त्यांना विचारलं.

"तुम्हाला कळलं ते?"

नोव्हेंबर १९४३. इटलीत सांग्रो नदीजवळ पाऊस लागला होता. मराठा पलटणीतला एक शिपाई चुकून पास्टरांच्या ड्रेसिंग स्टेशनवर, जखमींच्या मलमपट्टीच्या तंबूत, आणला गेला. विशीतला पोरगा. त्याने छातीवर हात ठेवून कृष्णा म्हणून सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, आणि मग पास्टरांचं मनगट धरून हेच वाक्य सकाळपर्यंत म्हणत राहिला. पास्टरांना एक शब्द कळला नाही. त्यांनी नुसते आवाज पाठ केले. पुढे इकडे पुकेकोहे गावातल्या गुजराती दुकानदारांना, जहाजावरच्या खलाशांना म्हणून दाखवले, कोणाला उमगले नाहीत. कागदावर लिहून घ्यायची त्यांना भीती वाटे, कारण लिहिलं की विसरायला होतं. म्हणून रोज एकदा ते म्हणायचे.

"काय म्हणत होता तो?"

मी सांगितलं. आक्काला सांगा, मी जेवलोय. वाट बघू नको.

"एवढंच?"

"एवढंच. आक्का म्हणजे मोठी बहीण."

"बावन्न वर्षं मी समजत होतो, ती प्रार्थना असेल." त्यांनी चष्मा काढला. "जेवला नव्हता हो तो. दोन दिवस पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं."

गावाचं नाव त्यांच्या तोंडून कारांजवाडी असं आलं. कोरेगावच्या पुढे एक करंजवाडी मला माहीत होती. मी साताऱ्याला काशिनाथदादाला, माझ्या थोरल्या भावाला, सविस्तर पत्र टाकलं.

"फक्त शोधायला सांगा," पास्टर म्हणाले. "निरोप त्यांनी द्यायचा नाही. तो मी देईन."

या माणसाला बाथरूमपर्यंत जायला वॉकर लागत होता. मी बरं म्हणालो.

मग आमची शिकवणी सुरू झाली. सकाळी दाढी करताना मी एकेक शब्द म्हणायचो आणि ते गालावरच्या साबणासकट मागून म्हणायचे. "नगा नाही, नगं." "नगं." "आक्का, क वर जोर." एका रविवारी कांचन त्यांच्यासाठी फिजोआचा मुरंबा घेऊन आली, तेव्हा त्यांनी उठून उभं राहून तिला पूर्ण वाक्य म्हणून दाखवलं. कांचन हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले.

"तिकडचेच वाटता हो तुम्ही," ती इंग्रजीत म्हणाली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी सवयीने त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. ते झोपले होते. नाडी छत्तीस. हात गार. खिडकी उघडी होती, खोलीत स्वेटर घालूनही मला हुडहुडी भरत होती, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. मी खांदा हलवला, हाका मारल्या. जाग नाही. नर्सला बोलावलं, तिने चार्टवर लिहिलं आणि डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत तीन वाजले, पास्टर आपले आपण जागे झाले आणि दोन ग्लास पाणी प्यायले. ईसीजीत वयाला न शोभणारं काही निघालं नाही.

नंतर असं रोज होऊ लागलं. मी वेळा लिहून ठेवल्या. दोनच्या आसपास नाडी मंद व्हायची, तीनला पूर्ववत.

एकदा त्यांची जर्सी धुवायला टाकताना मला चुलीच्या धुराचा वास आला. गोवऱ्यांचा. त्या इमारतीत काडी पेटवली तरी अलार्म वाजतो. मी लोकर परत नाकाशी धरली. वास होताच.

"तुला घरची आठवण येतेय," कांचन म्हणाली. ते मला पटलं. पटवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना पास्टरांनी विचारलं, "डॉक्टर, दारापुढे पाणी शिंपडून त्यावर पांढऱ्या पुडीने रेघा काढतात, त्याला काय म्हणतात?"

"रांगोळी. तुम्ही कुठे बघितलीत?"

"वाटेत," ते म्हणाले.

मी वस्तरा खाली घेतला. आमच्याकडे दुपारचे दोन म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात. हा हिशेब मी घरी फोन करताना नेहमीच करायचो. त्या वेळी तो आपोआप डोक्यात आला, आणि मला नको होता.

बुधवार, बावीस मे. तीन वाजता ते जागे झाले. डोळे अगदी स्वच्छ होते.

"दिला," ते म्हणाले.

"काय?"

"निरोप. ती दारातच बसली होती. दचकली नाही. सगळं ऐकून घेतलं, पुन्हा म्हणायला लावलं. मग काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. तुमच्यासाठी पाठ करून आणलंय."

त्यांनी डोळे मिटले आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"लई उशीर केलासा. न्ह्यारी करून जावा."

यातला एकही शब्द मी त्यांना शिकवला नव्हता. न्ह्यारी हा शब्द तर मी कित्येक वर्षांत ऐकलाही नव्हता.

मी अर्थ सांगितला.

ते कावरेबावरे झाले. "मी तसाच निघून आलो. तिला वाईट वाटलं असेल का?"

"वाटलं असेल," मी म्हणालो. असं का म्हणालो, ते आजही मला सांगता येणार नाही.

"मग उद्या जातो."

गुरुवारी त्यांनी जेवणाचा ट्रे परत पाठवला. "आज नको. मला बोलावणं आहे." दाढी दोनदा करून घेतली. कपाटातला पाद्र्याचा कोट मागितला. मी त्यांना खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर पांघरूण घातलं. त्यांनी माझा हात थोपटला.

"तुम्ही चांगले डॉक्टर आहात," ते म्हणाले. "परीक्षेला बसा."

दोन वाजून वीस मिनिटांनी मी गेलो.

नाडी नव्हती. मी पूर्ण मिनिट घड्याळ लावून मोजलं, मग दुसऱ्या हाताची बघितली. डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या स्थिर होत्या.

सोमवारी दफन झालं. त्यांना जवळचं कोणी उरलं नव्हतं, म्हणून शवपेटीला एका बाजूने माझा खांदा होता. माती मी स्वतः टाकली.

काशिनाथदादाचं पत्र जूनमध्ये आलं, एकतीस मेचं. पास्टर गेल्याचं मी त्याला अजून कळवलं नव्हतं. मी ते गाडीत बसून वाचलं.

"चि. राजाराम यास अनेक आशीर्वाद. काल करंजवाडीला जाऊन आलो. कृष्णाची आक्का हयात आहे, पंचाहत्तरीची, एकटीच असते. रजा संपवून निघायच्या दिवशी भावाशी बोलाचाली झाली आणि तो भरल्या ताटावरून उठून गेला, असं म्हणाली. तेव्हापासून दोन्ही वेळा त्याचं ताट वाढून ठेवायची. आता ठेवत नाही. निरोप मिळाला म्हणते.

साहेबांना तू इकडे पाठवून दिलंस, ते आधी कळवायला हवं होतंस. या वयात एकट्याने एवढा प्रवास. मी स्टेशनवर गेलो असतो. गेला आठवडाभर ते तिच्याकडेच आहेत, भाकरी आवडीने खातात. भेटतो म्हटलं तर म्हातारी म्हणाली, आत्ताच पडलेत, लई चालून आलेत, उठवू नगा. मी दारातून डोकावलो. भिंतीकडे तोंड करून निजले होते. उंच माणूस, पाय बाजेबाहेर आले होते. घोंगडी श्वासाबरोबर खालीवर होत होती. मी हाक न मारता परत फिरलो.

त्यांच्या परतीच्या तिकिटाचं काय ठरलं आहे, ते कळव."