फ्रेंचद्वेषाचा अर्थ

शब्दकोशाच्या कार्यालयात ‘फ’ अक्षर तिच्याकडे होतं. त्या सकाळी एक उंच माणूस तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. बाहीला खडू, हातात तिचाच हरवलेला लखोटा. वर तिच्याच अक्षरात लिहिलेलं : ‘फ्रेंच ते फ्लॅट’.

“वरच्या मजल्यावर मी फ्रेंच शिकवतो,” तो म्हणाला. “शिपायानं पहिला शब्द वाचला आणि हे माझ्याकडे आणून दिलं. मला वाटलं, फ्रान्समध्ये कुणी घर विकायला काढलंय.”

“आणि घर नाही म्हटल्यावर?”

“तरी वाचत बसलो. एका ठिकाणी पेन्सिलही चालवली… रागावू नका.”

तिनं पान काढलं. ‘फ्रेंचद्वेष : फ्रेंच लोकांचा तिरस्कार.’ समासात बारीक अक्षर होतं : ‘फक्त लोकांचा? आणि त्यांच्या देशाचा, भाषेचा, संस्कृतीचा?’

त्याचं बरोबर होतं. तिला राग आला, आणि तो माणूस आवडलाही.

“वापराचं उदाहरण द्या मग,” ती म्हणाली.

“परीक्षा जवळ आली की माझ्या विद्यार्थ्यांचा फ्रेंचद्वेष उफाळून येतो.”

“तो अभ्यासाचा कंटाळा. समोरचा फ्रेंच आहे एवढ्यावरूनच वैर धरलं, तर तो द्वेष. ‘युद्धानंतर त्या देशात फ्रेंचद्वेष वाढला’ — असं वाक्य हवं.”

“हरलो,” तो हसला. “पण गंमत बघा, इंग्रजीत ‘फ्रँकोफोबिया’ म्हणतात त्याला. फोबिया म्हणजे मुळात भीती. वापरतात मात्र वैरासाठी.”

तिचं पेन थबकलं. त्या शब्दाचं एक उदाहरण तिच्या घरीच राहत होतं.

पुढे महिनाभर दुपारचा चहा दोघांनी जिन्यातच घेतला. वरच्या खिडकीतून उन्हाची तिरीप यायची, तो बोलताना हातवारे करायचा आणि ती कप सांभाळत त्याच्याकडे बघत राहायची. एके दिवशी तिनं सांगून टाकलं.

“माझे बाबा सुतार आहेत. चार वर्षांपूर्वी ताईनं एका फ्रेंच इंजिनिअरशी लग्न केलं, ती तिकडे गेली. तेव्हापासून बाबा फ्रेंच विंडोची, म्हणजे त्या दाराएवढ्या खिडक्यांची, कामं घेत नाहीत. गिऱ्हाईकच परत पाठवतात.”

“आणि मी फ्रेंच शिकवतो,” तो सावकाश म्हणाला. “म्हणजे मी… घरी यायचं नाही?”

“रविवारी दहाला यायचं. मी काही लपवणार नाही.”

तो आला तेव्हा बाबा अंगणात चौकटीला रंधा मारत होते.

“बाबा, हे फ्रेंच शिकवतात. मला आवडतात.”

रंधा थांबला. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “म्हणजे तूही जाणार?” त्यांनी विचारलं ते मात्र मुलीला, आणि आवाज एकदम खाली आला होता.

हा द्वेष नव्हे, हे तिला तेव्हा लख्ख कळलं. बाबांना भीती वाटत होती. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. “बाबा, मी कुठेही गेले तरी तुम्हाला विचारून जाईन. आणि तुम्ही ताईशी बोला. किती दिवस तिचा फोन आला की उठून जाणार?”

बाबांनी कपड्यांवरचा भुसा झटकला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाले, “मास्तर… नात दोन वर्षांची झाली. तिला म्हणे तिकडचंच बोलणं कळतं. आजोबाला काय म्हणतात त्यांच्यात?”

“पापी,” तो म्हणाला.

“पापी?” बाबांनी कपाळावर हात मारला. “चार वर्षं वैर धरलं त्याचं हे फळ.” आणि स्वतःच हसत सुटले.

त्यानंतर दर रविवारी दहाला बाबांची शिकवणी सुरू झाली. चौथ्या रविवारी ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली.

“तुम्ही बाबांसाठीच येता, की…”

“त्यांना भेटायला आलो तो पहिला रविवार सोडला, तर मी त्यांच्यासाठी एकदाही आलो नाही,” तो म्हणाला. “विचारणार होतो. शब्द जुळवत होतो.”

“शब्दांचं काम माझ्याकडे असतं,” ती म्हणाली आणि त्याचा हात हातात घेतला. “माझं तुझ्यावर प्रेम आहे. लग्न कधी करायचं, ते तू सांग.”

तो पहिल्यांदाच हातवारे विसरला. “पुढच्या महिन्यात,” एवढंच म्हणाला, आणि फाटक उघडायचं सोडून बाबांना विचारायला तिच्यासोबत परत घराकडे वळला.