कॉम्रेड फ्रोलोव्हचा बर्फ

उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात नवे तरंगते संशोधन केंद्र उभारायचे होते, आणि त्यासाठी जुना, जाड हिमखंड शोधणे एवढेच आमचे काम होते. तो मे दिनाआधी सापडलाच पाहिजे, असे मॉस्कोहून आलेल्या कॉम्रेड फ्रोलोव्हने ठरवून टाकले होते. बर्फाला मे दिन कळत नाही, हे त्याला कोणी सांगितले नाही. मीही नाही. वरिष्ठांसमोर मला धड खोकताही येत नसे.

विमानात आम्ही चौघे होतो: वैमानिक सावेली, यंत्रज्ञ येफिम, बर्फाची जाडी मोजणारा मी आणि हा फ्रोलोव्ह. त्याच्याजवळ झेंडा होता, कॅमेरा होता आणि पायांत शहरी बूट. ध्रुव म्हणजे आपल्याच कचेरीतली एक थंड खोली, अशा थाटात तो खिडकीबाहेर बघत होता.

खाली एक सपाट, पांढराशुभ्र तुकडा दिसला.

"हाच," फ्रोलोव्ह म्हणाला. "उतरवा."

"प्रोफेसर, ऊठ, पुस्तक मिट," सावेली मला म्हणाला.

आमची रीत ठरलेली होती. विमानाने चाकांऐवजी लावलेल्या लांब पट्ट्यांवर, म्हणजे स्कींवर, उतरायचे, पण थांबायचे नाही; संथपणे गोल फिरत राहायचे. मी चालत्या विमानातून उडी मारायची आणि गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचे. हात वर केले, तर बर्फ पक्का, खुशाल थांबा. हात छातीवर आडवे धरले, तर पळा.

मी उडी मारली. पाठोपाठ, कोणी न बोलावता, फ्रोलोव्हही उतरला. मी गिरमीट फिरवू लागलो. बघता बघता ते खाली निसटले आणि भोकातून काळे पाणी वर आले. कोवळा बर्फ! विमान पळत होते तोवरच तो ते पेलणार होता. मी हात आडवे करायला उठलो, तर समोर फ्रोलोव्ह झेंडा रोवून, दोन्ही हात आभाळाकडे फेकून उभा!

"काढ माझा फोटो," तो म्हणाला.

आमचे केसाळ कोट सारखेच. सावेलीला लांबून फक्त वर गेलेले हात दिसले. विमान थांबले.

बर्फ कण्हला. स्कींखालचा पांढरा रंग करडा झाला. मी हात आडवे धरून धावत सुटलो. इंजिन गरजले, पण स्की चिकटल्या होत्या. येफिम लाकडी मोगरी घेऊन खाली उतरला आणि स्कींवर घाव घालू लागला. मी शेपटीला खांदा दिला.

"हे माझं काम नाही," फ्रोलोव्ह म्हणाला. "मी मंत्रालयाचा प्रतिनिधी आहे."

"मग तळाशी जाऊन मंत्रालयाची शाखा काढा," येफिम म्हणाला. "नाहीतर ढकला, लठ्ठोबा."

पाणी घोट्याला लागल्यावर प्रतिनिधी मनापासून ढकलू लागले.

एक हिसका! स्की सुटल्या. विमान सरकले, वेग घेऊ लागले. आता ते थांबणे म्हणजे सगळ्यांचाच शेवट. येफिम आत चढला. मी दाराची कड धरली. मागे फ्रोलोव्ह शहरी बुटांवर घसरत, धापा टाकत येत होता. राहू द्यावा, असे क्षणभर वाटले. खोटे कशाला बोलू? मग मी त्याची कॉलर पकडली, येफिमने माझा पट्टा पकडला, आणि ते पोते कसेबसे आत आले. मागे लांबलचक तडा गेला. झेंडा कलला, बुडाला.

वर पोचल्यावर त्याला पुन्हा कंठ फुटला. "थांबायला सांगितलं कोणी?"

"तुम्ही," सावेली म्हणाला. "दोन्ही हातांनी."

थोड्या वेळाने उजवीकडे दुसरा हिमखंड दिसला. मोठा, झिजलेल्या कडांचा, म्हणजे बहुधा जुना. परतीपुरते पेट्रोल राखून आणखी एकदा उतरता आले असते.

"उतरवा," फ्रोलोव्ह म्हणाला. "मी मॉस्कोला काय सांगू?"

सावेलीने मान वळवली. "काय रे, प्रोफेसर?"

मी बराच वेळ पाहत राहिलो. वरच्या भुसभुशीत हिमाखाली काय दडले होते, ते कळत नव्हते; त्यात स्की रुतल्या, तर गिरमीट लावायच्या आधीच विमान थांबले असते. "मला खात्री नाही," मी म्हणालो.

"याला कधी खात्री असते?" फ्रोलोव्ह थुंकल्यासारखा बोलला.

"म्हणून तर याला बरोबर घेतो," सावेली म्हणाला आणि त्याने विमान दक्षिणेकडे वळवले.